काँगो ताप म्हणजे काय? अहमदाबादेत चार जणांना लागण, तिघांचा मृत्यू. २०११ चा तो उद्रेक काय सांगतो?

२०११ सालच्या जानेवारीतली ही घटना. गुजरातमधल्या साणंद तालुक्यातल्या कोलाट गावची एक महिला तापाने आजारी होती. वय तिशीच्या आसपास. तिला अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात दाखल करण्यात आलं, पण प्रकृती झपाट्याने ढासळत गेली. ३ जानेवारीला तिचा मृत्यू झाला.

तापाने रुग्ण दगावणं ही आपल्याकडे दुर्दैवाने नवी गोष्ट नाही. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो अशी कारणांची यादी मोठी आहे. त्यामुळे ही घटना तिथेच संपली असती.

पण काही दिवसांनी तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर तापाने आजारी पडले. तिची शुश्रूषा करणारी परिचारिकाही आजारी पडली. त्याच महिन्यात या दोघांचाही मृत्यू झाला. महिलेच्या पतीलाही लागण झाली होती, ते मात्र वाचले.

एकाच रुग्णाच्या आसपासचे लोक असे एकामागोमाग आजारी पडल्यावर हा साधा डेंग्यू नाही, हे स्पष्ट झालं. डेंग्यू डासामुळे होतो. तो रुग्णाकडून डॉक्टरला असा लागत नाही. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयव्हीकडे गेले. निदान आलं: क्रायमियन-काँगो हेमोरॅजिक फीव्हर, अर्थात काँगो ताप. प्रयोगशाळेत निश्चित निदान झालेला हा या आजाराचा भारतातला पहिला उद्रेक.

लागण झालेले चार, मृत्यू तीन. आकडा लहान आहे, पण या छोट्या उद्रेकाने भारताला एक मोठी गोष्ट शिकवली.

काँगो ताप हे नाव कुठून आलं?

नाव ऐकून हा आफ्रिकेतून आलेला आजार वाटतो. पण नावाची गोष्ट जरा वेगळी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, काळ्या समुद्रालगतच्या क्रायमियात सोव्हिएत सैनिकांमध्ये एका तापाची साथ आली. सुमारे २०० जणांना लागण झाली. अनेकांना रक्तस्राव होत होता. मिखाईल चुमाकोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा अभ्यास केला. त्याला नाव मिळालं क्रायमियन हेमोरॅजिक फीव्हर.

पुढे १९५६ मध्ये तेव्हाच्या बेल्जियन काँगोमध्ये एका आजारी मुलाच्या रक्तातून एक विषाणू वेगळा करण्यात आला. त्याला काँगो विषाणू म्हटलं गेलं. क्रायमियातला आणि काँगोतला विषाणू एकच आहे, हे कळायला १९६९ उजाडलं. मग दोन्ही नावं जोडली गेली.

आज हा आजार आफ्रिका, बाल्कन देश, मध्यपूर्व आणि आशियाच्या मोठ्या भागात आढळतो. तुर्कस्तानात २००२ पासून त्याचे हजारो रुग्ण सापडले आहेत. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि इराणमध्येही तो नियमित दिसतो. अहमदाबादच्या उद्रेकातल्या विषाणूची जनुकीय रचना तपासली, तेव्हा ती ताजिकिस्तानातल्या एका विषाणूशी मिळतीजुळती निघाली. म्हणजे नावात काँगो असलं, तरी अहमदाबादच्या विषाणूचं जवळचं नातं मध्य आशियातल्या विषाणूशी दिसलं.

माणसाला तो होतो कसा?

या गोष्टीतलं मुख्य पात्र आहे गोचीड. तीच, जी गाई-म्हशींच्या कानात, कासेजवळ, शेपटीखाली चिकटून रक्त पीत बसते.

सगळ्याच गोचिडी हा विषाणू पसरवत नाहीत. मुख्य जबाबदार आहे ती हायलोमा नावाच्या गटातली गोचीड. भारतात त्यातली हायलोमा अ‍ॅनाटोलिकम ही जात महत्त्वाची मानली जाते. एकदा विषाणू शिरला की तो गोचिडीच्या अंगात आयुष्यभर राहतो. मादीकडून तो अंड्यांमधून पुढच्या पिढीतही जाऊ शकतो.

अशी गोचीड गाय, म्हैस, शेळी किंवा मेंढीला चावली की विषाणू त्या जनावराच्या रक्तात जातो आणि साधारण आठवडाभर तिथे राहतो. या काळात दुसरी गोचीड त्याच जनावराचं रक्त प्यायली, तर तिलाही विषाणू मिळतो. हे चक्र असंच सुरू राहतं.

यातला सगळ्यात फसवा भाग असा, की जनावराला काहीच होत नाही. लंपी आला की जनावराच्या अंगावर गाठी दिसतात, ते चारा सोडतं, शेतकऱ्याला लगेच कळतं. काँगो तापात तसं नाही. गाय नेहमीसारखी चरते, दूध देते. तिच्या रक्तात विषाणू आहे, हे बाहेरून कळायला कोणताही मार्ग नाही.

माणसापर्यंत हा विषाणू मुख्यतः तीन वाटांनी येतो:

• विषाणू असलेली गोचीड चावल्याने, किंवा ती उघड्या हाताने चिरडल्याने.

• लागण झालेल्या जनावराच्या ताज्या रक्ताशी संपर्क आल्याने. कत्तलीच्या वेळी, जनावराचं वीत काढताना किंवा जखमेवर उपचार करताना हा धोका असतो.

• आजारी माणसाच्या रक्ताशी किंवा शरीरातल्या इतर द्रवांशी संपर्क आल्याने.

म्हणूनच या आजाराचे बहुतेक रुग्ण पशुपालक, मेंढपाळ, कत्तलखान्यातले कामगार आणि पशुवैद्यक यांच्यात सापडतात. आणि तिसऱ्या वाटेमुळे या यादीत डॉक्टर आणि परिचारिकाही येतात.

शरीरात नेमकं काय होतं?

गोचीड चावल्यानंतर साधारण एक ते तीन दिवसांत, जास्तीत जास्त नऊ दिवसांत लक्षणं दिसू लागतात. रक्ताच्या संपर्कातून लागण झाली असेल, तर पाच-सहा दिवस लागतात. क्वचित हा काळ १३ दिवसांपर्यंतही जातो.

सुरुवात अचानक होते. जोराचा ताप, अंगदुखी, डोकेदुखी, पाठ आणि मान दुखणं, चक्कर, डोळे दुखणं, उजेड सहन न होणं. काहींना उलट्या, जुलाब आणि पोटदुखी होते. नंतर रुग्ण गोंधळल्यासारखा, चिडचिडा होऊ शकतो. मग सुस्ती येते, यकृताला सूज येते.

गंभीर रुग्णांमध्ये विषाणू रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आणि यकृत यांना इजा करतो. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात. तिथेच बिघाड झाला, प्लेटलेट्सही घसरल्या, की रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. त्वचेखाली लाल-जांभळे ठिपके आणि डाग दिसतात. नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून किंवा शौचातून रक्त जाऊ शकतं. सुई टोचलेल्या जागेवरूनही रक्त वाहत राहतं.

ज्या विषाणूजन्य आजारांत हे असं होतं, त्यांना एकत्रितपणे विषाणूजन्य रक्तस्रावी ताप म्हणतात. इबोला, मारबर्ग, लासा ही त्यातली आणखी काही नावं. मात्र या तापांच्या प्रत्येक रुग्णाला रक्तस्राव होतोच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार काँगो तापाचा मृत्यूदर १० ते ४० टक्के आहे. मृत्यू बहुधा आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात होतो. जे वाचतात, त्यांची प्रकृती साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून सुधारू लागते.

मग अहमदाबादेत चारपैकी तीन मृत्यू, म्हणजे ७५ टक्के कसे? इतक्या कमी रुग्णांवरून टक्केवारी काढणं फसवं असतं. शिवाय उद्रेक लक्षात येतो तोच मुळी गंभीर रुग्णांमुळे. सौम्य ताप येऊन बरे झालेले लोक मोजलेच जात नाहीत.

डॉक्टर आणि परिचारिकेला लागण का झाली?

काँगो ताप कोरोनासारखा पसरत नाही. बसमध्ये शेजारी बसल्याने तो होत नाही. तो पसरायला रक्त किंवा शरीरातले द्रव लागतात.

पण रुग्णालयात नेमकं तेच असतं. सलाईन लावायची असते, रक्ताचे नमुने घ्यायचे असतात, उलटी साफ करायची असते, श्वासनलिकेत नळी घालायची असते. रुग्ण जितका गंभीर, तितका त्याच्या रक्तात विषाणू जास्त आणि तितकेच जास्त हात त्याला लागतात. सुई चुकून टोचणं, हातावरच्या बारीक जखमेला रक्त लागणं किंवा डोळ्यात थेंब उडणं, एवढंही पुरेसं ठरू शकतं.

त्यात सुरुवातीची लक्षणं डेंग्यूसारखी. ताप आणि प्लेटलेट्स कमी, एवढ्यावर आपल्याकडे आधी डेंग्यूचाच विचार होतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. आणि देशात ज्या आजाराचा एकही रुग्ण निश्चित झालेला नाही, त्याची शंका पहिल्याच रुग्णात येणं फार अवघड असतं.

हे फक्त अहमदाबादेत घडलं असंही नाही. १९७६ मध्ये पाकिस्तानातल्या रावळपिंडीत पोटदुखीने आलेल्या एका मेंढपाळावर शस्त्रक्रिया झाली. त्याला काँगो ताप होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यातून रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना लागण झाली. अहमदाबादनंतर काही वर्षांनी राजस्थानात जोधपूरमध्येही रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना हा आजार झाला.

ठिकाणं वेगळी, वर्षं वेगळी, पण क्रम तोच. आधी एक अनोळखी ताप. मग त्याची काळजी घेणारे आजारी. आणि त्यानंतर निदान. बऱ्याचदा हा विषाणू ओळखला जातो तो डॉक्टर-परिचारिकांच्या आजारपणामुळे.

पुण्यात निदान कसं झालं?

पुण्याची एनआयव्ही १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. डास आणि गोचिडी यांच्यामार्फत पसरणारे विषाणू हा तिच्या कामाचा सुरुवातीपासूनचा विषय. त्यामुळे गुजरातमधले नमुने तिथे येणं स्वाभाविक होतं.

नमुन्यांची आरटी-पीसीआर चाचणी झाली. कोरोनामुळे घराघरात पोहोचलेली हीच ती चाचणी. विषाणूच्या जनुकीय साहित्याचा छोटासा तुकडा शोधून तो अनेक पटींनी वाढवायचा आणि ओळखायचा, ही तिची पद्धत. डॉक्टर, परिचारिका आणि महिलेचे पती अशा तिघांच्या नमुन्यांत काँगो तापाचा विषाणू सापडला. रुग्णांच्या संपर्कात आलेल्या ८३ जणांचेही नमुने तपासण्यात आले.

असे विषाणू हाताळण्यासाठी सर्वोच्च सुरक्षेची, म्हणजे बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा लागते. आत हवेचा दाब कमी ठेवलेला असतो, म्हणजे आतली हवा आपोआप बाहेर जात नाही. बाहेर सोडण्याआधी हवा गाळली जाते आणि सांडपाणी निर्जंतुक केलं जातं. जानेवारी २०११ मध्ये एनआयव्हीची अशी प्रयोगशाळा अजून सुरू व्हायची होती. पुण्यातल्या पाषाणमध्ये ती त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी कार्यान्वित झाली. पुढे केरळमधल्या निपाहच्या साथीतही याच संस्थेचं काम महत्त्वाचं ठरलं.

कोलाट गावात काय सापडलं?

निदान झाल्यावर प्रश्न होता, विषाणू आला कुठून? पथकं गावात पोहोचली. माणसांबरोबर जनावरं आणि गोचिडीही तपासण्यात आल्या.

कोलाटमधल्या तपासलेल्या पाळीव जनावरांपैकी सुमारे १७ टक्के जनावरांमध्ये लागणीच्या खुणा मिळाल्या. आसपासच्या भागातून गोळा केलेल्या हायलोमा गोचिडींमध्येही विषाणू सापडला. म्हणजे हा विषाणू परदेशातून आलेल्या एखाद्या प्रवाशाने आणलेला नव्हता. तो गोठ्यातच होता.

आणि तो नवाही नव्हता. शास्त्रज्ञांनी २०१० मधले जुने, साठवून ठेवलेले संशयित रुग्णांचे नमुने पुन्हा तपासले. त्यातही हा विषाणू मिळाला. म्हणजे अहमदाबादच्या घटनेआधीच भारतात काँगो तापाचे रुग्ण होते. फक्त ते ओळखले गेले नव्हते.

त्याहून जुना पुरावा १९७६ चा आहे. भारतातली जनावरं आणि काही माणसं यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडीज आढळल्याचं संशोधन त्या वर्षी प्रसिद्ध झालं होतं. क्रायमियातल्या साथीचा अभ्यास करणारे चुमाकोव्ह हे या संशोधनाचे एक सहलेखक होते. अँटीबॉडीज म्हणजे शरीराने विषाणूशी केलेल्या लढाईची खूण. विषाणू भारतात फिरतो आहे, याची ही चाहूल होती. पहिला उद्रेक समोर यायला मात्र त्यानंतर ३५ वर्षं गेली.

२०११ नंतर देशभरातल्या गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांच्या रक्ताची पाहणी झाली. अनेक राज्यांमधल्या जनावरांत अशा अँटीबॉडीज सापडल्या. गुजरात आणि राजस्थानात तर त्यानंतरही अधूनमधून माणसांमध्ये रुग्ण आढळत राहिले.

उद्रेक चार जणांवरच कसा थांबला?

यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण विषाणूचा स्वभाव. रक्ताचा संपर्क आल्याशिवाय तो सहसा पसरत नाही. त्यामुळे गावभर, शहरभर साथ पसरण्याची शक्यता मुळातच कमी असते.

दुसरं कारण म्हणजे निदानानंतरची कामं. रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांची यादी करून त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आलं. गावात तापाच्या रुग्णांचा शोध घेण्यात आला. गोठ्यांमध्ये गोचीडनाशकाची फवारणी झाली. रुग्णालयांमध्ये हातमोजे, गाऊन, मास्क, डोळ्यांचं संरक्षण आणि वापरलेल्या सुयांची काळजीपूर्वक विल्हेवाट यांवर भर देण्यात आला.

यातली कोणतीही गोष्ट महागडी किंवा नव्या शोधाची नाही. पण आजाराचं नाव कळल्यावरच त्या सुरू करायच्या म्हटलं, तर पहिल्या रुग्णाजवळच्या लोकांसाठी उशीर झालेला असतो. म्हणूनच रुग्णाला काय झालंय हे माहीत नसतानाही, प्रत्येकाचं रक्त धोकादायक असू शकतं असं धरून काळजी घ्यावी, हा संसर्ग टाळण्याचा मूळ नियम आहे. हातमोजे निदानासाठी थांबू शकत नाहीत.

उपचार आणि लस आहे का?

काँगो तापावर हमखास औषध नाही. उपचारांचा मुख्य आधार म्हणजे शरीराला सांभाळणं. द्रव आणि क्षारांचं संतुलन राखणं, गरजेनुसार रक्त आणि प्लेटलेट्स देणं, श्वास आणि किडनी यांच्यावर लक्ष ठेवणं. रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध वापरलं जातं, पण त्याचा नेमका किती फायदा होतो याबद्दल तज्ज्ञांमध्ये एकमत नाही.

जगभर वापरता येईल अशी मान्यताप्राप्त लसही नाही. बल्गेरियात जुन्या पद्धतीने तयार केलेली एक लस अनेक दशकांपासून वापरात आहे, पण ती इतर देशांनी स्वीकारलेली नाही. लवकर संशोधन व्हायला हवं अशा आजारांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेने काँगो तापाचा समावेश केला आहे.

महाराष्ट्राला धोका आहे का?

सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोना जोरात असताना, काँगो ताप पुन्हा चर्चेत आला. गुजरातमध्ये काही भागांत आजार आढळल्याने शेजारच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने पशुसंवर्धन विभागाला सतर्क राहण्याच्या सूचना दिल्या. त्यानंतर सोशल मीडियावर ‘कोरोनानंतर आता काँगो’ अशा पोस्ट फिरू लागल्या. तो इशारा खबरदारीचा होता, पालघरमध्ये साथ आली असा त्याचा अर्थ नव्हता.

पण गोचिडीमुळे होणारा ताप महाराष्ट्राला आणि गोव्याला अनोळखी नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा या भागात आणि गोव्यात सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा विषाणू वेगळा आहे, त्याचं मूळ कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलाशी जोडलेलं आहे. पण तोही गोचिडीमार्फतच पसरतो आणि त्यातही रक्तस्राव होऊ शकतो. एक महत्त्वाचा फरक आहे: माकडताप एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होत नाही. काँगो ताप होऊ शकतो.

मटण-दूध बंद करायचं का?

नाही. काँगो तापाची बातमी आली की हा मेसेज हमखास फॉरवर्ड होतो. नीट शिजवलेल्या मटणातून काँगो ताप होत नाही. उष्णतेने विषाणू मरतो. दूध उकळून प्यावं, जे आपण एरवीही करतो. धोका आहे तो कापताना, ताज्या रक्ताला उघडे हात लागण्यात. तो ताटात नाही.

खरी काळजी घ्यायची ती जनावरांबरोबर काम करणाऱ्यांनी:

• गोचीड नखाने किंवा बोटांनी चिरडू नका. गावाकडे ही सवय सर्रास दिसते.

• अंगाला गोचीड चिकटली, तर त्यावर रॉकेल ओतणं किंवा चटका देणं टाळा. चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ पकडा, सरळ ओढून काढा आणि जागा साबणाने धुवा.

• जनावरांची गोचीड काढताना, वीत काढताना किंवा कापताना हातमोजे वापरा.

• गोठ्यात गोचीडनाशक वापरायचं असेल, तर पशुवैद्यकाला विचारूनच वापरा.

• जनावरांमध्ये काम करताना पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घाला. फिक्या रंगावर गोचीड लगेच दिसते.

आणि एक काळजी प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांनी घ्यायची आहे. जोराचा ताप असलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेताना ताप कधीपासून आहे एवढंच सांगून थांबू नका. घरी जनावरं आहेत का, गेल्या दोन आठवड्यांत गोचीड चावली का, जनावर कापण्याचं किंवा बाळंतपणाचं काम केलं का, हेही न विचारता सांगा. ही माहिती रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही, पण तिच्यामुळे डॉक्टरांच्या मनात शंका लवकर येऊ शकते.

अहमदाबादच्या उद्रेकात विषाणू गोठ्यात होता, गोचिडीत होता, जुन्या नमुन्यांतही होता. तो ओळखला गेला तो मात्र रुग्णाला वाचवायला गेलेले दोघे आजारी पडल्यावर. पुढच्या वेळी तो पहिल्याच रुग्णात ओळखला जावा, यासाठी तपासणीच्या टेबलावर विचारलेला किंवा आपणहून सांगितलेला एक साधा तपशील पुरेसा ठरू शकतो: घरी जनावरं आहेत.